ज्वारीच्या दहा जोड्या

१४ डिसेंबर २००६

कापली एकदाची! चाळीस ताटं. साडेसातला शेतात पोचले, साडेनऊला शेवटची बाटली बंद केली. बोटांना अजून ॲसिटिक ॲसिडचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी भाकरीच्या घासाला तोच वास.

शकुंतलामावशी बांधावर उभ्या होत्या. पाच वर्षं मी त्यांच्या शेतातली ज्वारी कापतेय, तरी दर वेळी त्यांचं तोंड उतरतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते — कणीस अजून पानाच्या गुंडाळीत, बाहेरून नुसता फुगवटा. भरल्या पोटाच्या बाईवर कुणी विळा चालवतं का, असं त्यांचं म्हणणं. आणि मला तर नेमकी तीच वेळ हवी! कणीस बाहेर पडलं की माझा हंगाम संपला. परागकण तयार होण्याआधी त्या फुगवट्यात गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. आईकडचं एक, बापाकडचं एक. दोघं एकमेकांना बिलगतात आणि आपसांत तुकडे बदलतात. ज्वारीच्या अशा दहा जोड्या. दोनेक दिवसांत सगळं उरकतं. ते पाहायला मी पाच वर्षं घातली आणि अजून प्रबंध पुरा नाही.

नोंदणीची मुदत ३१ डिसेंबर २००७. दोनदा वाढवून घेतली, आता वाढणार नाही. प्राचार्यांनी परवा पुन्हा ऐकवलं — कायम व्हायचं तर पीएचडी करा, नाहीतर तासिकेवर आहातच की. आहातच की! तेरा वर्षं आहेच की मी.

१५ डिसेंबर

पाठ दुखतेय. आज फक्त पाठ.

२३ डिसेंबर

भारनियमन. सकाळी दोन तास वीज असते, तेवढ्यात मोजणी. परागकोश सुईने काढायचा, काचेवर रंगाच्या थेंबात ठेचायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. जरा जास्त दाबलं की पेशी फुटतात, कमी दाबलं तर सगळा ढीग. आज पंचवीस काचा केल्या, त्यातल्या नऊ धड.

जोडीत दोन ठिकाणी अदलाबदल झाली असेल तर ती कडीसारखी दिसते, एकाच ठिकाणी असेल तर काडीसारखी. त्या ठिकाणाला मी गाठ म्हणते. कडीच्या दोन गाठी, काडीची एक. दहा जोड्यांची बेरीज करायची, पुढची पेशी घ्यायची. आज साठ पेशी झाल्या. डोळे मिटले तरी कड्या-काड्याच दिसतायत.

तुलनेला घेतलेल्या सरकारी वाणात पेशीमागे सतरा गाठी. मावशींच्या ज्वारीत एकोणीसच्या वर. दर हंगामाला तेच! प्रेमानंदांना सांगितलं तर म्हणाले, सतरा काय नि एकोणीस काय, भाकर तर एकच लागते. नवरा शाळामास्तर असला की असं होतं. वर आणि आईपण हसली त्यांच्या बाजूने.

५ जानेवारी २००७

हैदराबादहून पत्र! चार दिवस मिळाले!

तिथल्या संस्थेत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहे. लेझरच्या उजेडात पेशीचा एकेक थर वाचतो म्हणे. एका परदेशी प्रयोगशाळेची अँटिबॉडी त्यांच्याकडे आलीय. ती गुणसूत्रावर नेमकी अदलाबदलीच्या जागी जाऊन बसते आणि तिथे हिरवा ठिपका उजळतो. कडी की काडी म्हणून डोळे फोडायला नकोत. ठिपके मोजायचे, झालं. सर — माझे गाईड, औरंगाबादला असतात, पुढच्या डिसेंबरअखेर निवृत्त — फोनवर म्हणाले, हे आकडे तुमच्या गाठींशी जुळले तर प्रबंधाला कुणी हात लावणार नाही.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती, ती मी दुसऱ्यांदा वाचताना नीट वाचली. अल्कोहोल-ॲसिटिक ॲसिडमध्ये ठेवलेलं साहित्य चालणार नाही. त्यात प्रथिनं टिकत नाहीत, अँटिबॉडीला धरायला काही उरत नाही. म्हणजे कपाटातल्या माझ्या एकशे ऐंशी बाटल्या या कामाला शून्य. ताजं हवं, फॉर्मल्डिहाइडमध्ये, बर्फात ठेवून. आणि ज्वारी तर सगळी निसवून गेली, कणसं बाहेर पडली! आता पोटरी कुठून आणू?

७ जानेवारी

मिळाली. गुलाबसिंग गुरुजी निरोप घेऊन आले. हे मावशींचे दीर, प्रेमानंदांच्याच शाळेत जवळा बाजारला असतात. त्यांच्यामुळेच मला तांड्यावरचं हे शेत मिळालं. ओढ्याकडचा तुकडा उगवला नव्हता, मावशींनी तो दुबार पेरला. तीन आठवडे मागे आहे, आत्ता पोटऱ्यात येतोय. सरकारी वाण मी कॉलेजच्या मागे टप्प्याटप्प्याने पेरलेलाच होता. इतकं सुख बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

१० जानेवारी

थंडीच्या दिवसांत हिंगोलीत बर्फ मिळवून दाखवा कुणी! गोळेवाले गाडे बंद करून बसलेत. शेवटी मासळीवाल्याने दिला, वर विचारलं, लग्न आहे का. थर्मासात बाटल्या, थर्मास पिशवीत, पिशवीत बर्फ. नांदेडपर्यंत एसटीत पायाशी पाणी गळत होतं. कंडक्टरने पिशवी हुंगली आणि मासळी मागच्या सीटखाली ठेवा म्हणाला. बर्फालाच वास होता, काय सांगणार. मुकाट्याने मागे जाऊन बसले. बायका नाकाला पदर लावून होत्या.

आता गाडी हलतेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. बाटल्या थंड आहेत.

१२ जानेवारी, हैदराबाद

काल दिवसभर रंग चढवणं, धुणं, पुन्हा चढवणं. आज सकाळी यंत्रापुढे बसले. खोली पूर्ण अंधारी, पडद्यावरही अंधार. काहीच नाही! पहिली काच, दुसरी, पाचवी. यंत्र चालवणारे रतनसिंग, वीस वर्षं तिथेच आहेत. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "अंधेरे में आँखां को थोडा टैम देव मॅडम, जल्दी नक्को." मी म्हटलं, माझी पाच वर्षं अंधारातच गेलीत, अजून किती टैम देऊ. ते हसले नाहीत. काच काढली, पुसली, पुन्हा लावली.

बाराव्या काचेवर दिसलं.

काय लिहू? लाल धागे, लांबच लांब, एकमेकांना जोडून चिकटलेले, आणि त्यांच्यावर हिरवे ठिपके. अगदी स्वच्छ. मी आजवर आखडलेल्या कड्या-काड्या पाहिल्या होत्या, म्हणजे सगळं उरकल्यानंतरचं. हे होत असतानाचं होतं. मला रडू आलं, आणि परक्या माणसासमोर आलं म्हणून राग आला. रतनसिंगांनी पंख्याचं बटण लावलं. थंडीत!

१४ जानेवारी, हैदराबाद

मावशींची ज्वारी — १९.४. सरकारी वाण — १७.२. जुळले!

२ मार्च

घरी वीज सकाळी सहा ते आठ. त्यात आईचं पाणी तापवणं, मिक्सर, माझा कॉम्प्युटर. लिहिते ते जतन करायच्या आत जाते. आज चार पानं गेली.

१८ एप्रिल

ऊन. पर्यवेक्षण. उत्तरपत्रिका. प्रबंधाचं एक पान नाही.

२७ मे

दुसरं प्रकरण सरांकडून परत आलं. एका वाक्याखाली लाल रेघ आहे — कौतुकाची! "हे वाण एका कुटुंबाने पन्नासहून अधिक वर्षे केवळ घरच्या बियाण्यावर, बाहेरचे बी न मिसळता राखले आहे." सर म्हणतात, सगळी इमारत या वाक्यावर उभी आहे.

खरंच आहे. ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणे धरते. पन्नास वर्षं एकच बी पेरलं, तर जोडीतली दोन्ही गुणसूत्रं जवळपास सारखीच व्हायला हवीत. तरीही अदलाबदल जास्त होत असेल तर तो त्या वाणाचा अंगचा गुण, आणि तोच माझा शोध. बी मिसळीचं असेल तर मग सांगण्यासारखं काही उरत नाही. निरनिराळ्या घरची गुणसूत्रं जोडीला आली म्हणून गाठी वाढल्या, इतकंच कुणीही म्हणेल.

पण ती काळजी नाही. २००१ साली मीच फॉर्म भरला होता, छापील. बी बाजारचं? नाही. सरकारी? नाही. घरचं? हो. मावशींनी अंगठा दिला, मी चहा प्यायले, संपलं.

१९ ऑगस्ट

चौथं प्रकरण संपलं. चष्म्याचा नंबर वाढला. प्रेमानंदांनी आज न सांगता भाजी चिरून ठेवली होती. जाड चिरली होती, पण चिरली होती.

६ ऑक्टोबर

नुसता फोटो काढायला गेले होते. पेरणीचा एखादा फोटो लावा, परीक्षकांना आवडतो, असं सर म्हणाले होते. औंढ्याच्या अलीकडे एसटीतून उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. इतक्या वर्षांत मी पोटरीच्या वेळीच जायची. पेरणीला कधी गेले नव्हते. गरजच नव्हती.

मावशींनी अंगणात घोंगडी अंथरून बियाणं ओतलं होतं. मोठा ढीग. त्याभोवती त्यांच्या दोन लेकी बसल्या होत्या — सुनिता सेनगावकडे दिलेली, निलम कळमनुरीकडे — आणि म्हातारी नणंद पारुबाई. तिघींच्या हातात एकेक कापडी गठुडं. मी कॅमेरा काढत होते तोवर तिघींनी गठुडी सोडली आणि ढिगात ओतली. ज्वारी! मग चौघींनी मिळून दोन्ही हातांनी खालवर केलं. गाणंही म्हणत होत्या, त्यांच्या बोलीत. मी विचारलं —

"हे काय आहे, मावशी?"

"लेकींचं बी. जिथं नांदत्यात तिथली ज्वारी. पेरणीला आणाच लागती, त्याबिगर आमची तिफन हालत न्हाई."

"कधीपासून करता?"

"माझ्या सासूच्या बी आधीपून. दरसाल."

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तुमी पुसलं न्हाई." आणि मग माझा चेहरा बघून, जरा घाबरून, "काही चुकलं का मॅडम?"

मी म्हटलं, नाही. फोटो काढला. चार जणींचे आठ हात आणि ज्वारी. त्यांनी जेवून जा म्हटलं, जेवले. काय जेवले आठवत नाही.

७ ऑक्टोबर

रात्रभर हिशेब घातला नाही, सकाळी घातला. तीन गावं, तीन गठुडी, दरसाल. त्याआधी मावशींच्या नणंदा, त्याआधी त्यांच्या सासूच्या. पन्नास वर्षं एक बी कसलं! अख्ख्या जिल्ह्याची ज्वारी आहे ती.

आईला सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. आईने — जनकाबाईने — चाळीस वर्षं नर्सीकडे दुसऱ्यांच्या शेतात रोजाने पेरलं, कापलं. मजुरी ज्वारीतच मिळायची. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, व्हय, तांड्यावर तसंच असतंय, म्या किती साल मिसळून देल्लं त्यांचं.

मला इतका राग आला! म्हटलं, सहा वर्षं मी तुझ्यासमोर ज्वारी-ज्वारी करतेय, तू बोलली काहून नाहीस?

"तुझं काचंतून चालू व्हतं ना माय. मला वाटलं, तुला दिसत आसल."

राग तिच्यावर नव्हताच. आमच्याकडे शेत कधी नव्हतं, मग बी कुठून असणार. लग्नात मला आईने पितळी डबा दिला, भांडी दिली, बाबासाहेबांची तसबीर दिली. ओंजळभर बी द्यायचं असतं किंवा आणायचं असतं, हे माझ्या कानावरून कधी गेलंच नाही. शेतवाल्याच्या घरची असते तर विचारलं असतं. जिला ठाऊक होतं ती रोज माझ्यासमोर भाकरी थापत होती, आणि तिला मी कधी काही विचारलं नाही. अक्षरओळख नाही म्हणून. हे लिहायला लाज वाटतेय.

१० ऑक्टोबर

प्रबंधाची फाईल उघडली नाही.

१६ ऑक्टोबर

औरंगाबाद. सरांना सगळं सांगितलं. फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पाहिला, बराच वेळ. मग विचारलं, हे कुठे छापलेलं आहे का? लेखी आहे? नाही म्हटलं. फॉर्मवर अंगठा कुणाचा आहे? त्यांचाच. मग तुमच्याकडे पुरावा फॉर्मचा आहे, असं म्हणाले.

चिडले नाहीत, तेच वाईट. चहा मागवला. समजावून सांगितलं — आता हे लिहायचं तर शीर्षक बदलावं लागेल, समितीपुढे जावं लागेल, सहा महिने. डिसेंबरात तुमची मुदत संपते आणि मीही संपतो. आणि खरं बी वेगळं काढून दाखवायचं तर कणसांना पिशव्या बांधून पाच-सहा पिढ्या शुद्ध कराव्या लागतील. तुमचं वय काय? मी सांगितलं, बेचाळीस.

निघताना विचारलं, आकडे तर खरे आहेत ना तुमचे? मी म्हटलं, हो. मग झालं तर, म्हणाले.

१७ ऑक्टोबर

आकडे खरे आहेत.

५ नोव्हेंबर

एक पान लिहिलं. सरळ लिहिलं — बी घरचं नाही, दरसाल तीन घरांचं मिसळतं, म्हणून निष्कर्ष असा असा कमकुवत. चांगलं पान आहे. सहा वर्षांत लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान असेल. दुसऱ्या प्रकरणात लावलं, पूर्ण प्रबंध पुन्हा वाचला. त्या पानानंतर पुढचं काहीच उभं राहत नाही. काढलं.

प्रेमानंदांना विचारलं, काय करू. म्हणाले, "खोटं लिही म्हणायला जीभ रेटत न्हाई. खरं लिही म्हणायला बी रेटत न्हाई. तेरा वर्सं बघून राहिलो ना मी तुला." मग बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसले. स्वच्छच होती.

२१ नोव्हेंबर

पान पुन्हा लावलं.

२४ नोव्हेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. जून-जुलैपासून एक जागा भरायची आहे, कायम. पीएचडीधारक. माझ्याआधी लागलेली कुणी नाही. "तुमच्यासाठीच थांबवून ठेवलीय म्हणा ना." घरी आले आणि पान काढलं.

कुणाचं काय वाईट होणार आहे यात? तांड्याचं नाव होईल. ज्वारी तीच राहील, शेत तेच राहील. मावशींना त्या वाक्याचं काय! कुणाचं काही जात नाही, जाईल ते माझं. असं मनाला दहा वेळा सांगितलं. दहाव्यांदा पटलं.

२८ डिसेंबर

दिला. चार प्रती, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. वाक्य जसंच्या तसं. चौघींचा फोटो लावला नाही, तिफणीचा लावला. कारकुनाने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. स्टँडवर उसाचा रस प्यायले. फार दमलेय. पाठ, डोळे, सगळंच.

१२ जून २००८

मौखिक परीक्षा. सर निवृत्त असूनही आले. प्रेमानंद आले, आईला आणलं, ती कोपऱ्यात बसली. परीक्षक हैदराबादच्या ठिपक्यांच्या चित्रांवर खूश होते, दोनदा मागे घेऊन पाहिली. मग नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, हे बी मिसळलेलं नाही याची तुम्हाला खात्री आहे?

हो, म्हटलं मी.

आईकडे बघितलं नाही. नंतर समोसे, चहा, अभिनंदन. परतीच्या वाटेवर ती एकच बोलली, गाडी लागती म्हणून खिडकीशी बसू दे.

१ ऑगस्ट

कायम झाल्याचं पत्र. सही केली. काही वाटलं नाही, दुपारी मात्र तीन तास झोपले.

१७ ऑगस्ट

इथल्या पेपरात बातमी आली — "तांड्यावर पन्नास वर्षे जपले शुद्ध बी". माझा फोटो, खाली मावशींचा. त्यांच्या तांड्यावर सत्कार ठेवला होता, टाळता आला नाही. गुलाबसिंग गुरुजींनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली, मग त्यांच्या बोलीत समजावून सांगितली. मावशी सगळा वेळ पदर सारखा करत होत्या. त्यांना इतकं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बातमीला काचेची चौकट करून त्यांनी दारावर लावली आहे.

बोलायला उभी राहिले तेव्हा वाटलं, आत्ता सांगावं. इथेच, सगळ्यांसमोर. पण त्या माझ्याकडे बघून हसल्या. आभार मानले आणि बसले.

११ ऑक्टोबर

गुलाबसिंग गुरुजी येऊन गेले. पेढे आणले होते, मुलाला नोकरी लागली. जाता जाता मोठ्या अभिमानाने सांगितलं की सुनिता, निलम आणि पारुबाई पेरणीला बी घेऊन आल्या होत्या, पण वहिनीने गठुडी दारातूनच परत दिली. मॅडमच्या पुस्तकात लिहिलंय, आपलं बी शुद्ध हाय, म्हणाली. आता त्यात कुणाचं मिसळायचं नाही. निलम ओट्यावर बसून रडली म्हणे, पोरीची जातच तशी, असं गुरुजी म्हणाले.

पेरणी कधी आहे, विचारलं. परवाच झाली, म्हणाले.